वजन नॉर्मल आहे, मग पोरगी आजारी कशी?

पत्र:

मॅडम नमस्कार, मी ऐरोलीत राहते. मुलगी 17 वर्षांची, बारावी सायन्सला, क्लाससाठी रोज ट्रेनने ठाण्याला नौपाड्यात जाते. जानेवारीत चुलत बहिणीच्या लग्नात तिची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, पोरगी आईच्या वळणावर गेली, आत्ताच कंट्रोल करा. तेव्हा तिचं वजन 71 होतं, आता पाच महिन्यांत 57 झालंय. आधी भात सोडला, मग साखर, मग पोळी. मग उपास सुरू झाले, आधी संकष्टी, मग सोमवार, गुरुवार, शनिवार. उपासाला खिचडी पण खात नाही, नुसतं ताक. सासूबाई खूष, म्हणतात पोरीला देवाधर्माचं वेड आहे. जेवायला बसवलं की पोट फुगलंय, भूक नाही म्हणते. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघते आणि धाकट्या भावाला केक, पास्ता करून घालते, स्वतः तोंडात टाकत नाही. जूनमध्ये स्वेटर घालते, केस गळतायत, तीन महिने पाळी नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले उंची पाच फूट दोन, वजन एकदम नॉर्मल झालंय, अभिनंदन करा. सोसायटीतल्या बायका तिच्याकडून डाएट प्लॅन मागतात. मिस्टर म्हणतात नीटची परीक्षा होऊ दे, मग बघू. सगळे कौतुक करतायत आणि मलाच रात्री झोप येत नाही. मी उगाच घाबरतेय का? मी स्वतःही लग्नापासून डाएटवरच आहे, रात्री फक्त सूप घेते, म्हणून कदाचित मला बोलायचा हक्क नाही असंही वाटतं.

उत्तर:

ताई,

बाकीचं सावकाश वाचा पण हे आधी करा. याच आठवड्यात मनूला (तिला इथे मनूच म्हणते) चांगल्या फिजिशियनकडे न्या, ईसीजी काढा, रक्तात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघायला सांगा आणि नाडी आणि बीपी दोनदा मोजायला सांगा, एकदा आडवं झोपवून, एकदा उभं करून. जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल, किंवा उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरत असेल, किंवा ती चक्कर येऊन पडली असेल, छातीत धडधडत असेल, तर ओपीडीवर भागवायचं नाही, अ‍ॅडमिट करायचं. डॉक्टर म्हणाले की वजन नॉर्मल आहे मग ईसीजी कशाला, तर हात जोडून पण ठामपणे सांगा की पाच महिन्यांत 14 किलो उतरलेत, पाळी बंद आहे, मला ईसीजी हवाच आहे.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. त्या घरात आत्ता नीट बघणारी व्यक्ती तुम्ही एकट्याच आहात असं मला पत्रावरून वाटतं.

71 मधून 14 गेले म्हणजे शरीराचा जवळजवळ पाचवा भाग गेला. हे केवढं असतं ते कळावं म्हणून एक जुना प्रयोग सांगते. 1944 च्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुण पुरुष घेतले, युद्धात लढायला नकार दिलेले, स्वतःहून तयार झालेले, आणि त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण 1600 कॅलरी, बटाटे, सलगम, कोबी, ब्राऊन ब्रेड असलं जेवण. (आणि आपल्याकडे पोरींना रीलवर 1200 कॅलरीचे प्लॅन मिळतात हे लक्षात घ्या.) त्या मुलांचं वजन साधारण चौथा भाग उतरलं. पण कीजच्या टीमला जे दिसलं ते नुसतं वजन नव्हतं. ती मुलं भर उन्हाळ्यात कुडकुडायला लागली, चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, अभ्यासात लक्ष लागेना, आणि ज्यांना स्वयंपाकात काडीचा इंटरेस्ट नव्हता ती रेसिपीची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसायची. यातल्या कोणाला बारीक व्हायचं नव्हतं, कोणाला कोणाची आत्या बोलली नव्हती. फक्त अन्न कमी पडलं होतं.

आता तुमचं पत्र परत वाचा. जूनमधला स्वेटर, रात्री दोनपर्यंतचे व्हिडिओ, भावासाठी केक. ताई, हा हट्ट नाही आणि नाटक पण नाही, उपाशी मेंदू असाच वागतो, तो अन्न सोडून दुसरा विचारच करू शकत नाही, आणि तिला तर खायची परवानगी नाही म्हणून ती दुसऱ्याला खाऊ घालून ती भूक भागवतेय.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी आजचा आकडा बघितला, तो कुठून आणि किती वेगाने आला ते बघितलं नाही. ही चूक मी पण केलेली आहे. बाराएक वर्षांपूर्वी माझ्या क्लिनिकला कॉलेजची एक मुलगी यायची, बऱ्यापैकी जाड, दर पंधरा दिवसांनी काटा भराभरा खाली, आणि मी दर वेळी तिचं कौतुक करायचे, वेटिंगमधल्या पेशंटना तिचं उदाहरण द्यायचे. मग ती यायची बंद झाली. काही महिन्यांनी तिच्या आईचा हॉस्पिटलमधून फोन आला, नाडी 42 वर आली होती. तेव्हाही ती "बारीक" दिसत नव्हती, साधी, कोणाही मुलीसारखी दिसत होती. त्या दिवसापासून माझ्याकडे वजन उतरलं म्हणून कोणाचंही अभिनंदन होत नाही, आधी विचारते की कसं उतरलं, पाळी कशी आहे, झोप कशी आहे, डोक्यात दिवसभर काय चालू असतं.

या प्रकाराला डॉक्टर लोक अटिपिकल अनोरेक्सिया म्हणतात, 2013 साली अमेरिकन मानसोपचाराच्या मॅन्युअलमध्ये तो आला. म्हणजे अनोरेक्सियाचं सगळं आहे, खाणं तोडणं आहे, वाढत्या वजनाची भीती आहे, शरीरावर परिणाम आहेत, फक्त वजन अजून नॉर्मल किंवा वरच आहे कारण सुरुवातच वरून झाली. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी अशा किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की पेशंट किती आजारी आहे हे आजच्या वजनापेक्षा वजन किती उतरलं आणि किती वेगाने उतरलं यावरून जास्त कळतं. जाड मुलगी बारीक होते तेव्हा टाळ्या वाजतात आणि बारीक मुलगी आणखी बारीक होते तेव्हा धावपळ होते, या फरकामुळे मनूसारख्या मुलींचं निदान उशिरा होतं. मला याचा खरंच संताप येतो.

"पोट फुगलंय, भूक नाही" याबद्दल. तुम्हाला वाटत असेल की ती खोटं बोलते. बहुतेक नाही बोलत. खूप दिवस कमी खाल्लं की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, दोन घास खाल्ले तरी खरंच डब्ब होतं. आणि आपल्या आशियाई मुलींमध्ये हे विशेष दिसतं, हाँगकाँगच्या सिंग ली नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1993 मध्ये अनोरेक्सियाच्या 70 पेशंटची माहिती छापली तर निम्म्याहून जास्त जणी "मला जाड व्हायची भीती वाटते" असं म्हणतच नव्हत्या, त्या म्हणायच्या पोट फुगतं, भूक नाही. आपल्याकडे पण अशा मुली आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत फिरतात, मग एंडोस्कोपी होते, आणि खरं दुखणं कोणी विचारतच नाही. तेव्हा तिला "खोटारडी" म्हणू नका, "दुखतंय हे मला पटतं, आणि तरी जेवायचं आहे, मी शेजारी बसते" एवढंच म्हणा.

पाळीचं पण नीट सांगते कारण इथे एक खड्डा आहे. अन्न कमी पडलं की मेंदू आधी जी कामं बंद करतो त्यातलं हे एक. पण तीन महिने पाळी नाही म्हणून गायनॅककडे गेलात आणि आधीच्या वजनाचा उल्लेख झाला की कधीकधी पीसीओएसचा (अंडाशयाच्या हार्मोनच्या बिघाडाचा) शिक्का बसतो आणि वर सल्ला मिळतो की आणखी वजन कमी करा. म्हणून तिथे पण पहिल्या वाक्यात सांगा की पाच महिन्यांत 14 किलो. गोळ्या देऊन पाळी आणली तर ब्लीडिंग दिसेल पण हाडांचं नुकसान थांबणार नाही, आणि हाडं भरण्याची हीच वर्षं असतात. पाळी अन्नाने परत आली पाहिजे.

एक गोष्ट तिच्या नकळत बघा, जेवल्यावर लगेच बाथरूमला जाते का, नळ सोडून ठेवते का, बॅगेत जुलाबाच्या गोळ्या आहेत का. असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, उलट्या आणि जुलाबांनी पोटॅशियम घसरतं आणि त्याचा थेट हृदयावर परिणाम होतो.

आता उपासांबद्दल, कारण आषाढी तोंडावर आहे आणि मागोमाग चातुर्मास, श्रावण, म्हणजे आपल्या घरांमध्ये न जेवणाऱ्या मुलीला सगळ्यात सोयीचे चार महिने. जेवण नको म्हटलं तर आई ओरडते, उपास आहे म्हटलं तर आजी पाठीवरून हात फिरवते. मनूला ही वाट सापडली यात तिचा दोष नाही. आपल्याकडे म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी, उपासाला साबुदाणा, रताळी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी असा थाट असतो, आणि जी मुलगी त्यातलं काहीच न खाता ताकावर राहते तिचा तो उपास देवासाठी नाहीये हे तुम्हालाही आतून कळलंय. पण "तुझी भक्ती खोटी" असं तिला म्हणू नका, वाद देवावर जाईल आणि जेवण राहील बाजूला. सासूबाईंना विश्वासात घ्या. त्यांना रिपोर्ट दाखवा, सांगा की पोर आजारी आहे, आणि आजारी माणसाला उपास माफ असतो हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग त्यांच्याच हातून उद्यापन करून घ्या, रीतसर, गुरुजींना बोलवून, नैवेद्य करून. नुसतं "सोड" म्हटलं तर ती अडून बसेल, पण आजीने उद्यापन केलं की व्रत मानाने संपतं आणि तिला अपराधी वाटायला जागा कमी राहते. याने आजार बरा होणार नाही, मी तसं म्हणतच नाहीये, फक्त आडोसा जाईल.

उपचार म्हणाल तर या वयासाठी सगळ्यात चांगला पुरावा कुटुंबाच्या मदतीने केलेल्या उपचाराचा आहे. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात हे सुरू झालं, 1987 च्या त्यांच्या अभ्यासात 19 च्या आत आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांपेक्षा कमी काळ आजारी असलेल्या पेशंटना याचा चांगला फायदा दिसला, मनू दोन्हीत बसते. पुढे 2010 मध्ये अमेरिकेत 121 किशोरवयीन पेशंटवर तुलना झाली, उपचार संपल्यावर एक वर्षाने कुटुंबवाल्या गटात साधारण 49 टक्के पूर्ण बरे होते, एकट्याच्या थेरपीत 23 टक्के. अर्धे झाले नाहीत हेही त्यात आलंच, म्हणून लवकर सुरू करायचं.

यात होतं काय, तर काही काळ जेवणाचा निर्णय मुलीच्या हातातून आईवडील स्वतःकडे घेतात. जसं टायफॉइडमध्ये गोळी घेऊ की नको हे तिला विचारत नाही तसं. दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा खाणं, ताट तुम्ही वाढायचं, वरण भात तूप पोळी भाजी दही, सॅलडने पोट भरायचं नाही, कॅलरी मोजायच्या नाहीत, आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं, नंतर पण तासभर सोबत राहायचं. ती रडेल, ओरडेल, ताट ढकलेल, तुम्हाला नको नको ते बोलेल, तेव्हा मनात धरायचं की हा आजार बोलतोय. घासाघासावर सौदा करायचा नाही, लाच नाही, धमकी नाही. पण किती आणि कसं वाढवायचं हे डॉक्टरांना विचारूनच, कारण खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस धोक्याइतकं उतरू शकतं, म्हणूनच ती तपासणी वर पहिल्यांदा सांगितली.

डब्याचं काय, तर डबा एकटीला देऊ नका, तो कुठे जातो हे तुम्हाला कळणार नाही. महिनाभर जमत असेल तर तुम्हीच ट्रेन पकडून नौपाड्यात जा, क्लासच्या ब्रेकमध्ये तलावपाळीला बाकावर बसून दोघी मिळून डबा खा. ते जमत नसेल तर थोडे दिवस क्लास बंद ठेवा. मिस्टरांना नीटची काळजी आहे ना, मग त्यांना मिनेसोटाची ती 36 मुलं सांगा, उपाशी डोक्याने त्यांचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, ही फिजिक्स काय करणार. परीक्षा पुढच्या वर्षी पण असते. आणि हा आजार मानसिक आजारांमध्ये सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक आहे, हे त्यांना मी सांगतेय असं सांगा, तुमच्यावर राग नको.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला ते कां कूं करतील हे मी गृहीत धरते. आपण ठाण्याच्या आसपासची माणसं, 1901 पासून इथे मेंटल हॉस्पिटल आहे आणि तेव्हापासून अख्खा महाराष्ट्र "याला ठाण्याला न्या" म्हणून एकमेकांना चिडवतो, ती भीती आपल्या हाडात बसली आहे. पण मनूला जायचंय ते लहान मुलांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, साध्या ओपीडीत. खाजगी परवडत नसेल तर कळव्याच्या महापालिका हॉस्पिटलला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, नाहीतर मुंबईत केईएम, सायन, नायर. पहिलं पाऊल टाकायलाच जड जात असेल तर टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मेडिक्लेम असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यावं लागतं, पॉलिसी काढून बघा.

आत्याबद्दल. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, लग्नात अशी वाक्यं आपल्याकडे हवेतच असतात. पण ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळकरी मुलांना तीन वर्षं बघितलं होतं, 1999 मध्ये ते छापून आलं, त्यात ज्या मुलींनी कडक डाएट केलं त्यांना खाण्याचा आजार व्हायचं प्रमाण डाएट न करणाऱ्यांच्या 18 पट निघालं, आणि मध्यम डाएट करणाऱ्यांमध्ये पण पाच पट. आणि मिनेसोटातल्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, डायान न्यूमार्क-स्टेनर आणि त्यांच्या टीमने पाच वर्षं मुलामुलींचा मागोवा घेतला, तर डाएट करणारी मुलं पाच वर्षांनी न करणाऱ्यांपेक्षा जाड व्हायची शक्यता जास्त निघाली. म्हणजे ज्यासाठी केलं ते पण होत नाही. त्याच गटाच्या 2013 च्या कामात असं दिसलं की आईवडील घरात वजनाबद्दल बोलतात त्या मुलांमध्ये चुकीच्या पद्धतीचं डाएट जास्त, आणि जे वजन न काढता नुसतं चांगल्या खाण्याबद्दल बोलतात त्यांच्याकडे कमी. तेव्हा घरातला वजनकाटा आजच उचलून माहेरी नाहीतर कुठेही ठेवून या. वजन डॉक्टरकडे होईल, तिला आकडा न दाखवता. सोसायटीतल्या बायकांना हसून सांगा, "आमच्याकडे वजनाचा विषय बंद आहे", आणि तिच्या देखत कोणी "काय मेंटेन केलंयस गं" म्हणालं तर तिथून तिला घेऊन निघा. आत्याला फोन मिस्टरांनी करायचा, त्यांची बहीण आहे. भांडायला नाही, एवढंच सांगायला की यापुढे पोरीच्या शरीरावर एक शब्द नको, चांगला पण नको.

हे उत्तर मनूला वाचायला देऊ नका, यात आकडे आहेत आणि या आजारातल्या मुली नेमके आकडेच धरून बसतात.

शेवटी तुमचं ते वाक्य, मला बोलायचा हक्क नाही. ताई, तुम्हाला कोणीतरी वीस वर्षांपूर्वी असंच काहीतरी म्हटलं असणार, "आईच्या वळणावर" हा टोमणा पोरीला होता तसा तुम्हालाही होता, आणि तुम्ही तो गिळून त्यावर सूप पीत आलात. तुमच्यामुळे मनू आजारी पडली असं मी अजिबात म्हणणार नाही, हा आजार कुठल्या एका कारणाने होत नाही, स्वभाव, रक्तातून आलेलं, आजूबाजूचं बोलणं, मोबाईलवरचं, सगळं मिळून होतं. पण तिच्यासमोर पूर्ण ताट ठेवून तुम्ही सूपचा बाऊल घेऊन बसलात तर ती पहिल्याच रात्री ते दाखवेल. म्हणून उद्या रात्री दोन ताटं वाढा, सारखी. तुम्हालाही जड जाईल, मला कल्पना आहे, जमलं नाही तर तिच्या डॉक्टरांकडे तुमची पण एक अपॉइंटमेंट घ्या.

ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट आले की मला त्याच दिवशी लिहा, सदराची वाट बघू नका, मी परस्पर उत्तर देईन.